दहावा फर्मा

वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालच्या खोलीत, एक बाई सव्वीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत बसली होती. तिला सगळे दाभणबाई म्हणत. एक तर तिच्या हातात सदा दाभण असायचा, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. दोन्हींतलं जास्त काय टोचतं यावर कौंटरवरच्या मंडळींचं अजून एकमत झालेलं नाही.

खोलीत एक लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, खळीचा डबा, दोऱ्याची रिळं आणि उंचावर एक खिडकी. दाभणबाईचं म्हणणं असं, की लोक काय वाचतात हे कौंटरवरच्या नोंदींतून कधीच कळत नाही. पुस्तक कुठे उसवतं त्यावरून कळतं. प्रवासवर्णनं पहिल्या तीस पानांत मळलेली आणि पुढे कोरी करकरीत, म्हणजे निघतात सगळे उत्साहाने, पोचत कोणी नाही. कायद्याची पुस्तकं वाटण्यांच्या प्रकरणात फाटतात. बागकामाच्या पुस्तकांची नुसती चित्रं गायब होतात. "मला वाचक तोंडावरून नाही, बोटांवरून ओळखता येतो," असं ती म्हणायची, आणि हा तोरा काही खोटा नव्हता. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नव्हतं. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी नव्हतं.

वाचनालयात एक जाड निळं पुस्तक होतं. चाळिशीपुढच्या बाईचं शरीर, हार्मोन्स, हाडं, झोप, चिडचिड, पाळी जाणं आणि पाळी गेल्यावरची तीसचाळीस वर्षं धडधाकट कशी काढायची, असं सगळं त्यात होतं. ते पुस्तक बायका घरी न्यायच्या त्या दोन कादंबऱ्यांच्या मध्ये दडवून, आणि बऱ्याचजणी तर नेतच नसत. कपाटाआड उभ्या राहून वाचायच्या आणि पाऊल वाजलं की हात शेजारच्या भरतकामाच्या पुस्तकावर ठेवायच्या. असं उभ्याउभ्या, घाईघाईने वाचलेलं पुस्तक लवकर मोडतं. ते तिसऱ्यांदा दाभणबाईच्या टेबलावर आलं तेव्हा एकाच ठिकाणी पार खिळखिळं झालं होतं.

पुस्तक सोळा सोळा पानांच्या घड्यांचं शिवलेलं असतं. एका घडीला फर्मा म्हणतात. निळ्या पुस्तकाचा दहावा फर्मा, पान एकशे पंचेचाळीस ते एकशे साठ, एका दोऱ्यावर लोंबत होता. त्याचे कोपरे अंगठ्यांनी घासून कापडासारखे मऊ झाले होते. किती बायकांची भीती तिथे येऊन थांबली असेल, दाभणबाईला बघताक्षणी कळलं. कारण तिची स्वतःचीही तिथेच थांबली होती.

ती तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. एरवी त्या खोलीत गारठ्याने बोटं वळत नसत, पण हिच्या मानेवरून एकदम वाफ चढायची आणि कानामागे घाम फुटायचा. एकदा दाभण सापडेना म्हणून तिने तासभर सगळ्यांना फैलावर घेतलं. निघाला तो खळीच्या डब्यात, तिनेच ठेवलेला. हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण पाळी आली की पंधरा पंधरा दिवस थांबत नव्हती. खुर्चीवरून उठताना ती आधी मागे हात फिरवायची, मग उठायची. पायांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. आणि सांगणार कोणाला? जी बाई भल्या भल्यांना तोंडावर चार शब्द सुनवायची, ती औषधाच्या दुकानात पुरुष दिसला की खोकल्याच्या गोळ्या घेऊन घरी यायची. घरात तेव्हा खोकल्याच्या गोळ्यांची सात पाकिटं जमली होती आणि खोकला कोणालाच नव्हता.

निळं पुस्तक घरी न्यायचं तर कार्डावर नोंद हवी. कौंटरवरचे भाऊ नोंद करताना पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचतात, ती त्यांची सवय. तेव्हा शनिवारी दुपारी तिने लोंबणारा दोरा कापला, दहावा फर्मा अलगद काढून पिशवीत घातला आणि त्याच्या जागी आठवणीसाठी रद्दी कागदाची एक पट्टी ठेवली. सोमवारी परत आणायचा, शिवायचा, झालं. कोणाच्या बापाचं काय जात होतं?

रविवारी नवरा बाहेर गेल्यावर तिने दार लावून ती सोळा पानं वाचली. वाचता वाचता रडली सुद्धा, कारण तिचंच सगळं कोणीतरी नीट, न हसता लिहून ठेवलं होतं. याला काय म्हणतात, हे का होतं, डॉक्टर काय करतात, कधी घाबरायचं नाही आणि कधी मात्र थांबायचं नाही. ती त्याच आठवड्यात दूरच्या एका दवाखान्यात गेली, गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत अंगात रक्त आल्यासारखं वाटायला लागलं. तिचं काम झालं. फर्मा कपाटात, पांघरुणांच्या घडीखाली राहिला.

झालं असं, की सोमवारी सकाळी ती तो विसरून गेली. मंगळवारी वाफेचा असा लोट आला, की तिने पंखा पूर्ण वेगात लावला आणि स्टुलावर चढून खिडकीही सताड उघडली. टेबलावर निळ्या पुस्तकाचे फर्मे रचून ठेवले होते. आठवणीची पट्टी कधी उडाली, तिला पत्ताच नाही. शिवायच्या आधी प्रत्येक फर्मा बोटाने मोजायची तिची सव्वीस वर्षांची रीत. त्या दिवशी तिला फक्त ते टेबल, ती खोली आणि स्वतःची कातडी यांच्यापासून सुटका हवी होती. तिने शिवलं, खळ लावली, पुठ्ठा चढवला, कडा कापल्या आणि पुस्तक प्रेसमध्ये घातलं. बुधवारी ते कपाटात गेलं. रात्रीच्या थंडीसाठी पांघरूण काढायला गेली तेव्हा फर्मा हाताला लागला.

करायचं काय ते तिला ठाऊक होतं. पुस्तक परत मागवायचं, उसवायचं, फर्मा घालायचा, पुन्हा शिवायचं. दोन तासांचं काम. पण दुरुस्तीच्या वहीत कारणाचा रकाना असतो: वाळवी, ओल, वाचकाचा निष्काळजीपणा. परवा शिवलेलं पुस्तक आज परत का उसवलं, तिथे काय लिहिणार? उद्या बघू, म्हणाली. माणसाने आजवर जेवढी पापं केली आहेत, त्यातली निम्मी त्या 'उद्या बघू'च्या खात्यात जमा असतील.

दाभणबाईचं घर होतं त्याच इमारतीत, खाली तळमजल्यावर, तिची नणंद राहायची. नवऱ्याची धाकटी बहीण, छप्पन्न वर्षांची, लग्न न केलेली, शाळेत गणित शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. दाभणबाई तिला वन्सं म्हणायची. वन्संच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. त्या पुस्तक वाचायच्या म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जमाखर्च तपासावा तशा. छापील गोष्टीवर त्यांचा भारी विश्वास. पुस्तकात आहे म्हणजे आहे, नाही म्हणजे नाही. निळं पुस्तक त्यांनी सगळ्यांदेखत, आपल्या कार्डावर, कौंटरवरच्या भाऊंना मोठ्याने नाव वाचायला लावून घरी नेलं.

चार दिवसांनी संध्याकाळी त्या पुस्तक घेऊन वर आल्या. दाभणबाई भाजी चिरत होती, नवरा तिथेच पेपर वाचत होता.

"वहिनी, हे तू शिवलंयस ना? यात एकशे चव्वेचाळीसनंतर एकदम एकशे एकसष्ट आहे."

दाभणबाईच्या हातातली सुरी थांबली नाही, हे तिला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. "असं? मूळ प्रतीतच नसतील हो वन्सं. छापखान्यातून कधी कधी येतात अशी. मी काय, हाती आलं ते शिवते."

"अनुक्रमणिकेत प्रकरण दिलंय. 'पाळी थांबल्यावर' असं."

पेपर जरा खाली झाला आणि पुन्हा वर गेला.

"दुसरी प्रत असेल का गं कुठे?"

"नाही. एकच आहे."

"काय असेल त्यात?"

"काय असणार? दूध प्या, चालायला जा, चिडू नका. विशेष काही नसेल."

"विशेष काही नसेल," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पुस्तक मिटलं, भावाकडे एकदा बघितलं, आणि दाराशी जाऊन थोड्या थांबल्या. एवढी सरळ रेषेत चालणारी बाई दाराशी उगाच थांबत नाही. दाभणबाईला ते दिसलं. आणि तिने कांदा चिरायला घेतला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. तिला वाटलं, वन्संना संशय आला, म्हणून थांबल्या. आपली चोरी सोडून दुसऱ्याच्या मनात आणखी काही असू शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने जाऊन दुरुस्तीच्या वहीत निळ्या पुस्तकापुढे लिहून ठेवलं: 'पृष्ठे १४५ ते १६० मूळ प्रतीतच नाहीत.' खालती सही केली. सव्वीस वर्षांतली पहिली खोटी नोंद, अक्षर मात्र नेहमीसारखं टपोरं.

त्यानंतर जवळजवळ पाच महिने गेले. पुस्तक हातोहात फिरत होतं आणि एका बाईने तक्रार केली नाही. करणार कशी? तक्रार करायची तर कौंटरवर सांगावं लागणार, मी नेमकं काय शोधत होते. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी, आणि त्या सगळ्यांच्या गप्प बसण्याच्या आड दाभणबाई सुखरूप.

मग एका सकाळी वन्संच्या मोरीतला नळ फुटला. दाभणबाई पाणी पुसायला खाली धावली. बेसिनखालचं कपाट रिकामं करताना साबण, फिनेल, ब्रश असं एकेक बाहेर काढत होती, आणि सगळ्यात मागून निघालं पॅडचं पाकीट. अर्धं वापरलेलं. त्याच्यामागे आणखी दोन.

वन्संची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. 'सुटले एकदाची,' म्हणत त्यांनी तेव्हा घरभर आइस्क्रीम वाटलं होतं.

"वन्सं, हे कोणाचं?"

"माझंच. कोणाचं असणार?" त्या दारात उभ्या होत्या. गेले काही दिवस त्यांचा चेहरा पिवळट दिसत होता. निवृत्तीचा कंटाळा म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. "अगं, अधूनमधून दिसतं थोडं. या वयात शरीर उलटी उजळणी करत असेल."

"कधीपासून?"

"झाले की सहाएक महिने. मी बघणार होते पुस्तकात, पण त्यातलं तेच प्रकरण नव्हतं. आणि तूच म्हणालीस ना, विशेष काही नसेल."

दाभणबाईने फडकं खाली ठेवलं. पान एकशे बावन्न तिला पाठ होतं, चौकटीतलं, जाड अक्षरांतलं. पाळी वर्षभर बंद राहिल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी वाट बघू नका, डॉक्टरकडे जा. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पण नसेल तर जितक्या लवकर कळेल तितकं बरं. ती वर धावली. पांघरुणं जमिनीवर फेकली आणि फर्मा घेऊन ओल्या पायांनी खाली आली.

वन्संनी चष्मा लावला. खुर्चीत बसून त्यांनी सोळाच्या सोळा पानं वाचली. मोरीतलं पाणी हळूहळू खोलीत येत होतं. दोघींपैकी कोणी उठलं नाही. एकशे बावन्नवर पेन्सिल थांबली, चौकटीभोवती आणखी एक चौकट काढली गेली, आणि वाचन पुढे चालू राहिलं.

"हे तुझ्याकडे कधीपासून आहे?"

दाभणबाईने सगळं सांगितलं. दोरा कापला इथपासून वहीतल्या सहीपर्यंत. सांगताना तिला वाटत होतं, आता या बोलतील, ओरडतील, हे फेकून मारतील. मारलं असतं तर बरंच वाटलं असतं.

"पण नेलास कशाला?"

"मला खूप रक्त जायचं, वन्सं. कोणाला विचारायची लाज वाटायची."

वन्संनी चष्मा काढला. "मलाही वाटली," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुलाच विचारायला आले होते. दादा बसला होता." मग उठल्या आणि पाण्याकडे बघून म्हणाल्या, "आधी हे पुसू. मग डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. गर्भाशय काढलं. आता एवढ्यावर भागेल असं वाटत होतं, तर पुढचा रिपोर्ट आला: आत खोलवर गेलंय, लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यावी लागेल, पंचवीस वेळा, आणि नंतर पाच वर्षं नजर ठेवायची. "बऱ्या व्हाल अशी चांगली आशा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पहिल्यांदा दिसलं तेव्हाच आला असतात, तर कदाचित ऑपरेशनवरच सुटला असतात. का थांबलात?"

"वाचत होते," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरबाई हसल्या. दाभणबाई शेजारीच बसली होती, मांडीवर रिपोर्टांची फाइल घेऊन. त्या दिवशी तिला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही. आपण या बाईला मारायला निघालो होतो, एका लाजेपायी आणि मग वहीतल्या एका रकान्यापायी, असं सरळ तिला वाटलं. आणि वन्सं कोणाला काही सांगत नव्हत्या, भावालाही नाही. "त्याला काय सांगायचं? त्याला अजून फर्मा म्हणजे काय ते माहीत नाही," म्हणून उडवून लावायच्या. रोज लाइट घ्यायला जाताना दाभणबाईच्याच खांद्यावर हात ठेवायच्या. त्या हाताचं वजन फार नव्हतं, गेल्या दोन महिन्यांत त्यांचं सगळंच वजन उतरलं होतं. पण तिला तो खांदा रात्री दुखायचा.

तिने एक केलं. ग्रंथपालबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दुरुस्तीच्या वहीत मी खोटं लिहिलंय." सगळं ऐकून ग्रंथपालबाईंनी वही उघडून ती सही बघितली. मग त्यांनी निळ्या पुस्तकाचं कार्ड मागवलं. या काळात अकरा बायकांनी ते घरी नेलं होतं. उभ्याउभ्या वाचून गेलेल्यांची तर गणतीच नाही. अकराजणींना चिठ्ठ्या गेल्या: पुस्तकातली राहिलेली पानं मिळाली आहेत, झेरॉक्स ग्रंथपालबाईंकडे आहे, येऊन वाचावी. चिठ्ठ्या दाभणबाईने स्वतःच्या हाताने लिहिल्या. सातजणी आल्या. चार आल्या नाहीत, आणि त्या चौघींची नावं ती आता झोपेतही सांगू शकते.

शेवटची लाइट झाली त्या दिवशी वन्संनी उशीखालून फर्मा काढून दिला. इतके दिवस त्यांनी तो आपल्याकडेच ठेवला होता. "घे. शीव आता. आणि या वेळेला मोजून."

खोलीत येऊन तिने पुस्तक उसवलं. खिडकी बंद केली, पंखा बंद केला, घाम फुटला तो फुटू दिला. मग फर्मा उघडला. शिवायच्या आधी पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसायच्या, हा तिचाच नियम. वाचकांना पुस्तकं गिरवल्याबद्दल तिने आजवर कमी शिव्या घातलेल्या नाहीत. एकशे बावन्नवर चौकटीबाहेरची चौकट होती. आणि खाली समासात, वन्संच्या त्या फळ्यावरच्या स्वच्छ अक्षरात, एक गणित मांडलेलं होतं.

'पहिल्यांदा दिसलं त्या दिवसापासून डॉक्टरकडे जाईपर्यंत: १९० दिवस.
वहिनीला विचारायच्या आधी मी गप्प होते: ४३ दिवस. हे माझे.
उरलेले:'

पुढे काही नव्हतं. वन्सं शाळेतही असंच करायच्या. सगळ्या पायऱ्या फळ्यावर स्वतः मांडायच्या आणि शेवटची ओळ मुलांकडून लिहून घ्यायच्या. एखाद्याला उत्तर येत नसेल तर रागवायच्या नाहीत, खडू पुढे करून नुसत्या उभ्या राहायच्या.

दाभणबाईने खोडरबर हातात घेतलं. पुसून टाकलं असतं तर कोणालाही कळलं नसतं; वन्सं काही तपासायला येणार नव्हत्या. मग तिने खोडरबर खणात टाकलं. कौंटरवर जाऊन भाऊंची पेन्सिल मागून आणली, परत येऊन बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाच्या पुस्तकात लिहिलं.

'१४७. हे माझे.'

तिने फर्मे रचले. बोट लावून एकेक मोजला, नववा, दहावा, अकरावा, आणि पहिल्यापासून पुन्हा मोजला. मग सुईत दोरा ओवला आणि पान तसंच आत शिवून टाकलं.